२६ जुलै: गावातल्या स्मारकापाशी कार्यक्रम करताना

कारगिल विजय दिनाचा गावातला कार्यक्रम अर्ध्या तासात संपला पाहिजे. तो दीड तास चालतो तो भाषणं, सत्कार आणि पाहुण्यांची वाट बघण्यामुळे. खरा कार्यक्रम म्हणजे नावं वाचणं, पुष्पचक्र आणि दोन मिनिटं मौन. त्याला २० ते २५ मिनिटं पुरतात. पाहुणे उशिरा आले तर त्यांनी मागे उभं राहावं, वीरमातेला पावसात ताटकळत ठेवू नये.

सुरुवात नावांच्या यादीपासून करा, आणि ती महिनाभर आधी. १९९९ च्या कारगिल लढाईत ५२७ जवान गेले. पण गावाची यादी तेवढ्यावर थांबत नाही. १९६२, १९६५, १९७१, श्रीलंका, सियाचीन, काश्मीर, सगळं त्यात येतं. प्रत्येक नावापुढे पद, पूर्ण नाव, पलटण आणि तारीख हवी. ही माहिती घरच्यांकडच्या कागदांवरून आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळून घ्या, जुन्या बॅनरवरून उतरवू नका. बॅनरवर ‘नाईक’ हे पद हमखास आडनाव होऊन बसतं. सैन्याच्या कागदांत लढाईत गेलेला आणि अपघातात किंवा आजारपणात गेलेला यांची नोंद वेगळी असते. पाटीवर सगळी नावं एकत्र घ्यायची असतील तर वर ‘सेवेत असताना’ असं लिहा, म्हणजे कोणाच्या घरी वाद होत नाही.

सातारा-रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धाची इंग्रजी पाटी असते: गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, नुसता आकडा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाच्या पाटीवर तो ४६ आहे. ही नावं शोधायची तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन (महायुद्धांत गेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) हिची यादी इंटरनेटवर मोफत बघता येते. भारतीय सैनिकांच्या नोंदीत बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या, तेव्हा शोध फ्रान्सपुरता ठेवू नका. गावाच्या नावाचं स्पेलिंग साहेबानं कानाला आलं तसं लिहिलंय, चार-पाच प्रकारे टाकून बघावं लागतं.

आता दगड. जुलैत स्मारकावर शेवाळ असणारच. संगमरवरावर ॲसिड कधीच ओतू नका. दगडच विरघळतो, अक्षरांच्या कडा जातात आणि पुढच्या वर्षी शेवाळ खडबडीत पृष्ठभागावर अजून घट्ट बसतं. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि फार तर साध्या साबणाचे चार थेंब. तारेचा ब्रश नको, प्रेशर वॉशरही अक्षरांवर नको. हे काम तीन-चार दिवस आधी करा. अक्षरं रंगवायची तर दगड पूर्ण सुकलेला लागतो, आणि पावसाळ्यात ती खात्री नसते. म्हणून रंगकाम मे महिन्यातच उरकून घ्यावं. दिव्याचं तेल आणि कुंकू यांचे डाग संगमरवरात मुरतात, तेव्हा समई खाली ताटात ठेवा.

अमर जवानाची प्रतिकृती करत असाल तर बंदुकीची नळी खाली, दस्ता वर आणि दस्त्यावर हेल्मेट. उलटं केलेलं सर्रास दिसतं. थर्माकोल पावसात टिकत नाही, वाऱ्यानं आडवा होतो. लाकडी किंवा फायबरची करा आणि आतून लोखंडी गज घेऊन पायाला बोल्ट मारा.

पुष्पचक्र फुलवाल्याला आदल्या दिवशी सांगा, पण बांधायला त्याच पहाटे लावा. दीड फूट व्यासाचं पुरे. पेंढ्याची चुंबळ पावसात पाणी पिऊन जड होते आणि फुलं घसरतात. बांबूच्या कड्यावर बांधलेलं जास्त टिकतं. पट्टीवरचा मजकूर ऑइल पेंटनं लिहून घ्या, मार्करची शाई ओघळते. तीन पायांचा स्टँड रिकामा ठेवून वाऱ्यात तपासून बघा. दोन कॅडेट पुष्पचक्र घेऊन पुढे चालतात, अर्पण करणारा ते ठेवतो, एक पाऊल मागे येतो आणि मान झुकवतो. सॅल्यूट गणवेशातल्यांसाठी. साध्या कपड्यांतल्या नागरिकानं सावधान उभं राहावं, तेवढं पुरे. चपला काढायच्या की नाही हे आधी ठरवून सांगा, नाहीतर निम्मे काढतात, निम्मे घुटमळतात. गणवेशातले बूट काढत नाहीत.

एनसीसीची तुकडी हवी तर कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्यांना जूनमध्येच पत्र द्या. जुलैत नवी भरती कच्ची असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे कॅडेट मागा. क्रम असा: ‘सलामी शस्त्र’ (बंदूक समोर धरून मानवंदना), मग ‘शोक शस्त्र’ (बंदूक उलटी, मान खाली), बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून, दोन मिनिटं मौन, मग मौन संपल्याची राउझ ही धून. नावं याआधी वाचून झालेली असावीत. एका नावाला पाच-सहा सेकंद द्या आणि मध्ये ‘अमर रहे’ नको, घोषणा शेवटी.

बिगुलासाठी पोलीस मुख्यालयाच्या बँडकडे लेखी मागणी करून बघा. नाहीच जमलं तर ध्वनिमुद्रण चालतं, पण फाइल फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. लास्ट पोस्टच्या मधोमध तेलाची जाहिरात वाजली तर सगळंच फुकट. मौन घड्याळ लावून धरा. अंदाजानं धरलं की सूत्रसंचालक पाऊण मिनिटातच ‘धन्यवाद’ म्हणतो. जनरेटर असेल तर तो स्मारकापासून लांब हवा.

झेंड्याबाबत गोंधळ सर्वात जास्त. २६ जुलैला तिरंगा अर्ध्यावर उतरवायचा नसतो; तो केवळ सरकारी आदेशानेच उतरतो. फडकवायचाच तर पूर्ण उंचीवर. काठीवर किंवा काठीच्या टोकाला हार-फुलं नकोत, ध्वजसंहितेत तशी स्पष्ट मनाई आहे. फडकवताना आत पाकळ्या ठेवायला मात्र परवानगी आहे. स्मारकाचं अनावरण असेल तर ते झाकायला तिरंगा वापरायचा नाही, पांढरं कापड घ्या.

वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता यांना पहिल्या रांगेत, छताखाली, पाठ असलेल्या खुर्च्या. घरून आणायला-सोडायला गाडी. त्यांनी बोलावं असा आग्रह धरू नका, फोटोचंही आधी विचारा. पदकं ज्यानं मिळवली तो डाव्या छातीवर लावतो, त्याच्या पश्चात घरचे उजव्या. आणि दाराशी बायकांना हळदीकुंकू लावायची पद्धत असेल तर ती एकतर सगळ्यांसाठी ठेवा किंवा बंद करा. जिच्यासाठी कार्यक्रम, तिलाच वगळून करंडा पुढे सरकतो, हे आजही होतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. तसा तुमच्या गावात नसला तरी संयोजकांना एवढं ठरवता येतंच.

कार्यक्रमानंतर पोरांच्या हातातले कागदी झेंडे तिथल्या तिथे गोळा करून घ्या. पुष्पचक्र दोन दिवसांत उचला, फुलं खतात टाका, तार वेगळी काढा, कडं वाळवून ठेवा. स्टँड पुसून तेल लावून ग्रामपंचायतीच्या कपाटात टाका. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला तोच लागतो.