तुम्ही विचारलंत म्हणून: घरी तूप करता का?

करते. आहारावरचं बोलणं आटोपलं, चहाचे पेले फिरू लागले की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कोणीतरी हे विचारतंच. "आम्हाला कमी फॅटचं दूध घ्यायला सांगता, आणि तुमच्या घरी तूप कढत नाही काय?" आवाजात चोर पकडल्याचा आनंद.

तर हिशेब ऐका. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५. अर्ध्या लिटरमागे पहिल्यात सुमारे ३० ग्रॅम, शेवटच्यात साडेसात. कॅल्शियम आणि प्रथिनं सायीबरोबर फारशी जात नाहीत. इथवर सगळ्यांना पटतं. मग घरी फुल क्रीमचीच साय काढायची, विरजायची, लोणी कढवायचं आणि तूप वरणभातावर. फॅट घराबाहेर गेलंच कुठे? पातेल्यातून बरणीत गेलं. म्हणून मी साय काढा म्हणत नाही, पिशवी बदला म्हणते. माझ्याकडे टोन्डवर पातळ साय येते, त्याचं जे थोडं तूप होतं ते चवथीला संपतं. (दोन वर्षांखालच्या बाळांना यातलं काही लागू नाही. हे दर वेळी सांगते, आणि दर वेळी कोणीतरी ऐकत नाही.)

पण सत्तरी तालुक्यातल्या एका देवळाच्या मंडपात हा हिशेब अडला. मागे बसलेल्या एका बाईने कनवटीची पावती काढून माझ्यापुढे धरली. दूध सोसायटीची. फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर. "बाई, हे फॅट घसरलं की माझा दर घसरतो. ते वाढावं म्हणून म्हशीला पेंड घालते. आणि तुम्ही म्हणता, फॅट नको?"

मी म्हटलं, काढलेलं फॅट फुकट जात नाही, त्याचं लोणी-तूप होऊन विकलं जातं, म्हणून तर तुम्हाला त्याचा भाव मिळतो.

"म्हणजे कोणीतरी खातंच ना?"

बायका हसल्या. मीही हसले, नाइलाजाने. मग विचारलं, तुमच्या घरी रोज दूध किती लागतं? "आमच्याकडे? कोरा चहा. दूध सगळं सोसायटीत."

कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असते तर मी म्हणाले असते, सल्ला बरोबर आहे, ऐकणारी चुकीची आहे. आजही अर्धं तसंच वाटतं. पणजीच्या फ्लॅटमध्ये रोज लिटरभर फुल क्रीम आणि वर डायबेटिसच्या गोळ्या, तिथे माझा हा फॅटचा तक्ता खराच आहे. पण जिच्या चहात दूधच नाही, तिला डबल टोन्ड कसलं शिकवायचं? आणि कोणीतरी खातंच, तर तो कोण, तेही मला माहीत आहे. हलवायाच्या दुकानात भेटतो.

पुढच्या सभेत पिशवी बदलायचंच सांगणार आहे. फक्त तक्ता उघडण्याआधी आता विचारते, विकून घरात दूध उरतं किती.