तुम्ही विचारलंत म्हणून: सड्यावरचे तंबू

आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, मी पाहुण्यांना राहायला तंबू लावायचो. जुने पाहुणे, मेहुणा, गावातली पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच. सड्यावरचे तंबू का बंद केलेत? चांगलं चाललं होतं ना? सहा वर्षं मी "परवानगीची भानगड झाली" असं सांगून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. परवा पुन्हा एकाने विचारलं आणि पुन्हा तेच तोंडातून निघालं, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचा सडा राजापूर तालुक्यातला, अख्खा जांभ्या दगडाचा. सातबाऱ्यावर पोटखराबा. म्हणजे सरकारच्या लेखी ज्यातून काही येत नाही अशी जमीन. याच कातळांवरची खोदचित्रं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण शब्द तोच राहिला. मी पुण्याची नोकरी सोडून आलो तेव्हा माझ्याही डोक्यात 'पडीक जागेचं काहीतरी करू' एवढंच होतं. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून कातळ फोडायचा नाही, चिरेखाणीला द्यायचा नाही, एवढं मात्र पक्कं होतं. त्याबद्दल आजही मला पश्चात्ताप नाही. तंबू उचलले की खाली कातळ जसाच्या तसा, असं मी सगळ्यांना सांगायचो.

पण एक गोष्ट सांगायचो नाही. त्या सड्यावर आधीपासून काम होत होतं. दसरा झाला की खालच्या वाडीतली तीन घरं गवत कापायला वर यायची. कापून झालं की गुरं सुटायची. मी ते थांबवलं. पाहुण्यांना थंडीतलं ते कमरेएवढं सोनेरी गवत आवडायचं, फोटो त्याच्यातच निघायचे. त्याला मी नाव दिलं निसर्ग राखण्याचं. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलेलं, तिथे कुंपण घालून गुरं बंद केलेली. मला वाटलं, राखणं म्हणजे हेच. आबांना, म्हणजे शेजारच्या काजूवाल्यांना, हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्षं काय करत होतो?" मी गवताचे पैसे देऊ केले. ते उठून गेले.

चौथ्या हंगामात, फेब्रुवारीतला रविवार. आदल्या रात्री चौदा पाहुणे होते. शेकोटी दगडांच्या आळ्यात केलेली. रात्री अकराला मी स्वतः दोन बादल्या पाणी ओतलं होतं. हे मी आजही सांगणार, कारण "शेकोटी तशीच सोडली" असं गावात बोललं गेलं आणि ते खोटं आहे. पण सकाळी आळ्यात हात घालून बघितलं नाही, हेही खरं. किंजळीचा एक जाड ओंडका होता, तो आतून धुमसत राहिला असणार. दहाला पाहुणे गेले, मी चादरी धुवायला द्यायला खाली उतरलो. बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, तसा सुटला.

मला आधी आवाज ऐकू आला. पत्र्यावर पाऊस पडावा तसा. वर पोचेपर्यंत अर्धा सडा पेटला होता. वाडीतून माणसं हिरवे टाळे, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून धावत आली, बायका ओली पोती घेऊन. वर पाण्याचा थेंब नाही, विहीर उतारावर. माझ्याकडे सोळा लिटरचा फवारणीचा पंप होता, तो पाठीवर घेऊन मी आगीसमोर उभा राहिलो आणि दोन मिनिटांत मागे फिरलो. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, त्या वर्षी काढलीच नव्हती. डिसेंबर-जानेवारी सगळं बुकिंग होतं, पुढच्या आठवड्यात काढू, पुढच्या आठवड्यात काढू, असं करत राहिलो. आग गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, उडून आबांच्या बागेत उतरली. मांगरातली, म्हणजे बागेतल्या गोठ्यातली, गुरं त्यांच्या सुनेने कोयतीने दावी तोडून सोडली, म्हणून वाचली. मांगर गेला, वर्षाचा पेंढा गेला, बेचाळीस काजू गेले. वेंगुर्ला चार जातीची झाडं, नव्वदच्या फळबाग योजनेत आबांनी स्वतः खड्डे मारून लावलेली.

दुसऱ्या दिवशी तिथे फिरलो. काळ्या राखेत गोगलगायींचे रिकामे शंख पांढरेफेक पडले होते, शेकड्यांनी. इतके असतील असं कधी वाटलंच नव्हतं. काजूची पानं तांब्याच्या रंगाची होऊन झाडालाच होती, मोहोरही जागच्या जागी. हात लावला की भुगा.

आबा एवढंच म्हणाले, "गवत कापलेलं असतं तर गडग्याशीच मेली असती." भरपाई दिली, त्यांनी घेतली. घ्यायलाच हवी होती. पण तीस वर्षांच्या झाडाची किंमत काय लावायची, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच ठरवता आलं नाही.

आता कोणी म्हणेल, वणवे दरवर्षीच लागतात. लागतात. कोणाची भाजावळ, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा टाकून जमीन भाजणं, हाताबाहेर जाते, कोणी विडी टाकतं. तंबू नसते तरी आग आली असती, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण पूर्वी ती कापलेल्या सड्यावर यायची आणि दमायची, हेही मला लहानपणापासून माहीत होतं.

आणि तरी तो तंबूवाला मी अजून माझ्याशी भांडतो. त्याचं म्हणणं खोडता येत नाही. वाडीतल्या बचतगटाच्या बायका जेवण करायच्या, त्यांच्या हातात रोख यायची. आबांचा नातू पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचा. तंबू बंद झाले आणि तो मुंबईला गेला. गवत कापून कोणाचा नातू गावात राहिला?

कासचं कुंपणही पुढे काढलं. गुरं बंद झाल्यावर फुलं कमी झाली, अशी तक्रार होती. ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सड्यावर आता दसऱ्यानंतर गवत कापतात, पण तीन घरांतलं एकच घर येतं, बाकीचं मजूर लावून. जाळरेषा नोव्हेंबरात निघते. ऑगस्टमध्ये सीतेची आसवं येतात, ती निळी फुलं, डबक्यांच्या कडेने. ती गवत कापत नव्हतो तेव्हाही येत होती.

आबांचा नातू दर गणपतीला येतो आणि विचारतो, "काका, परत कधी?" त्याला मी परवानगीचं सांगू शकत नाही. तंबू माळ्यावर आहेत. पाऊस गेला की बुरशी धरू नये म्हणून खाली काढतो, अंगणात दोन दिवस उन्हात घालतो, आणि घडी करून पुन्हा वर ठेवतो.