'कोणाशी?'

"फाइट म्हणजे लढणं, मग स्ट्रगल म्हणजे काय? दोन्हींना संघर्ष म्हटलं तर बिघडलं कुठे?" मी इंग्रजीतून मराठीत सबटायटल्स करते, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. तोंडी उत्तर द्यायला गेले की मी भरकटते. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी लिहूनच काढते.

आधी माझी फजिती. काम शिकत होते तेव्हाची. दृश्य साधं होतं: एक म्हातारे गृहस्थ बरणीचं झाकण उघडायला बसलेत, चेहरा लाल झालाय. बायकोकडे मान वळवून म्हणतात, 'आय ॲम स्ट्रगलिंग हिअर.' मी शब्दकोशाला स्मरून लिहिलं, 'मी इथे संघर्ष करतोय.' काम तपासणाऱ्या बाईंनी पुढे एकच शब्द लिहून ते परत पाठवलं: 'कोणाशी?'

संघर्ष हा शब्द 'घृष्' म्हणजे घासणे या धातूपासून आलाय, घर्षण त्याचंच भावंड. घासायला दोन पृष्ठभाग लागतात. स्ट्रगलला लागतीलच असं नाही. झाकण काही त्या आजोबांच्या जिवावर उठलेलं नव्हतं. ते घट्ट होतं, एवढंच.

हा फरक इंग्रजीच्या व्याकरणातच दिसतो. फाइटला समोरचा थेट जोडता येतो: फाइट द एनिमी, फाइट करप्शन, फाइट अ फायर. डोळ्यांतलं पाणी आवरायचं तरी 'फाइट बॅक टिअर्स'; म्हणजे रडूसुद्धा प्रतिस्पर्धी. स्ट्रगलचं तसं नाही. 'स्ट्रगल पॉव्हर्टी' म्हणता येत नाही, मध्ये विथ किंवा अगेन्स्ट घालावंच लागतं. आणि रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा स्ट्रगलनंतर येतो 'टू' आणि एखादं क्रियापद. 'ही स्ट्रगल्ड टू स्टँड.' यात तो शेवटी उभा राहिला की नाही, हे वाक्य सांगत नाही. तेच 'ही स्ट्रगल्ड टू हिज फीट' म्हटलं की तो उठला. उठण्याचं क्रियापद कुठेच नाही, तरी उठला. पहिल्याला मी 'उठता उठेना' लिहिते, दुसऱ्याला 'कसाबसा उठला' किंवा 'धडपडत उठला'.

आणि गंमत अशी की हे आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त ते नामात नाही, क्रियापदाच्या रूपात आहे. बोलवेना, चालवेना, सुचता सुचेना, झोप येता येईना. इंग्रजी ज्या ठिकाणी स्ट्रगल वापरते त्यातल्या निम्म्या जागा या एका 'ना'वर भागतात. शब्दकोशात नामाला नाम शोधत बसलं की मग 'फलंदाज धावांसाठी संघर्ष करताना दिसला' आणि 'ती झोपेसाठी संघर्ष करत आहे' अशी वाक्यं जन्माला येतात. फलंदाज चाचपडत होता हो. तिला झोप लागत नव्हती.

या घोळात थोरामोठ्यांचंही नाव घ्यावं लागेल. डार्विनच्या 1859 च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मधल्या तिसऱ्या प्रकरणाचं नावच 'स्ट्रगल फॉर एक्झिस्टन्स'. त्याने तिथे बजावून ठेवलंय की हा शब्द मी व्यापक, लाक्षणिक अर्थाने वापरतोय. दुष्काळात अन्नासाठी दोन श्वापदं एकमेकांशी झगडतात, हा खरा झगडा. पण वाळवंटाच्या कडेला एक झाड अवर्षणाविरुद्ध स्ट्रगल करतंय, असंही आपण म्हणतो. खरं तर ते ओलाव्यावर अवलंबून आहे म्हणणं जास्त बरोबर, हे तोच लगेच पुढे सांगतो. मराठीत या कल्पनेला 'जीवनकलह' म्हणायची पद्धत पडली. कलह! श्वापदांना शोभेल. पण झाड बिचारं कोणाशी भांडणार?

संघर्ष हा शब्द वाईट आहे असं नाही. 1848 च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातल्या 'क्लास स्ट्रगल'ला वर्गसंघर्ष म्हटलं तर ते चपखल बसतं, कारण तिथे दोन वर्ग समोरासमोर आहेत. 'कोणाशी?'ला उत्तर आहे.

फाइटचे घोळ वेगळे. 'दे आर ऑलवेज फायटिंग' हे नवरा-बायकोबद्दल असेल तर ती दोघं भांडतात, लढत नाहीत. दारूच्या गुत्त्यातलं असेल तर हाणामारी. आणि सगळ्यात दगाबाज म्हणजे 'फाइट विथ'. 'ही फॉट विथ द अमेरिकन्स' म्हणजे अमेरिकनांशी लढला की अमेरिकनांच्या बाजूने? दोन्ही होऊ शकतं. मराठीत 'शी' आणि 'बरोबरीने' यांत एवढी गल्लत होत नाही, पण निवड आपल्याला करावी लागते, आणि त्यासाठी कधीकधी अख्खा भाग मागे जाऊन बघावा लागतो. बाकीचे शब्द सोपे: स्कफल म्हणजे झटापट, स्कर्मिश म्हणजे चकमक. जाता जाता, बॅटल, कॉम्बॅट आणि डिबेट ही तिन्ही एकाच 'बडवणे' अर्थाच्या लॅटिन मुळाची लेकरं. टीव्हीवरच्या चर्चा ऐकताना हे मला पटतं.

एका ओळखीच्या मुलाने नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, 'आय ॲम अ स्ट्रगलिंग इंजिनिअर.' त्याला म्हणायचं होतं मेहनती, खस्ता खाल्लेला. मराठीत 'स्ट्रगलचे दिवस' म्हटलं की त्याला एक तेज असतं. इंग्रजीतल्या 'स्ट्रगलिंग'ला ते नाही. स्ट्रगलिंग स्टुडंट म्हणजे अभ्यासात मागे पडणारा, स्ट्रगलिंग कंपनी म्हणजे डबघाईला आलेली. वाचणाऱ्याला कळलं असतं: याला इंजिनिअरिंग जमत नाही.

एका जागी मात्र मी अजून अडते. 'शी लॉस्ट हर बॅटल विथ कॅन्सर.' 1971 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकेत राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली आणि त्या मोहिमेला 'वॉर ऑन कॅन्सर' हे नाव चिकटलं. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी, स्वतः त्या आजारातून गेल्यावर, 1978 मध्ये या युद्धाच्या भाषेवर कडक टीका केली. तरी ती भाषा टिकली, आणि आपल्याकडेही 'झुंज अपयशी ठरली' म्हणून रुळली. मला ते लिहवत नाही. गेलेल्या बाईच्या नावावर एक पराभव कशाला? पात्राने तसं म्हटलं असेल तर नाइलाज, तो त्याचा शब्द आहे. निवेदनात असेल तर 'कर्करोगाने गेली' एवढंच लिहिते. कोणी परत पाठवलं तर वाद घालते.

हां, बरणीचं राहिलं. शेवटी मी लिहिलं, 'निघता निघत नाहीये!' बाईंनी काही न लिहिता ते पुढे पाठवलं. दृश्यात पुढे बायको येते, बरणी काखेत धरते आणि एका हिसक्यात झाकण काढून त्यांच्या हातात देते. तिथे सबटायटल लागलं नाही.