फेब्रुवारीत जोडलेलं, एप्रिलमध्ये ओतलेलं

जुनी गाडी विकत घेण्याआधी ती तपासून देणं, हे माझं डेट्रॉईटमधलं काम. गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त गृहस्थांनी मला दोन गाड्या पाहायला सांगितल्या. दोन्ही १९७० च्या: शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, शेव्हेलची जोरकस आवृत्ती) आणि पॉन्टियाक जीटीओ जज (जज हे जीटीओचं खास पॅकेज). घ्यायची एकच होती, आणि त्यांचं मन शेव्हेलवर बसलं होतं. त्यात नवल काहीच नाही. मध्यम आकाराच्या गाड्यांत ४०० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, ही स्वतःचीच बंदी दोन्ही ब्रँडची मालक असलेल्या जनरल मोटर्सने त्या वर्षी उठवली आणि शेव्हेलला एलएस६ हे इंजिन मिळालं. ४५४ घनइंच, ४५० अश्वशक्ती! जजचं रॅम एअर ३ इंजिन कागदावर ३६६ ला थांबतं.

शेव्हेल देखणी होतीच. पण त्या वर्षीच्या शेव्हेलच्या चेसिस नंबरावरून गाडी व्ही-८ आहे एवढंच कळतं. एसएस आहे का, इंजिन कोणतं, याचा पत्ता लागत नाही. म्हणून साध्या मालिबूची, म्हणजे शेव्हेलच्याच साध्या आवृत्तीची, एसएस करून विकणं सोपं जातं. गाडीत काय काय बसवलं याची कारखान्याची यादी, म्हणजे बिल्ड शीट, हरवलेली. आता जे काही सांगायचं ते इंजिनानेच.

इंजिनाच्या उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे, ब्लॉकच्या म्हणजे इंजिनाच्या ओतीव मुख्य भागाच्या सपाट पट्टीवर शिक्का होता: टी०२१०सीआरव्ही. टोनावांडाचा इंजिन कारखाना, १० फेब्रुवारी, मॅन्युअल गिअरचं एलएस६. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीत बॉडीची तारीख फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. सगळं जुळत होतं. फक्त एक गोष्ट खटकली. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्याराने तासून, सपाट करत, त्याच्या बारीक समांतर रेघा शिक्क्याखाली राहत. इथे ती जागा काचेसारखी गुळगुळीत होती, म्हणजे नंतर कुणीतरी घासलेली असावी. गाडी लिफ्टवर चढवली, स्टार्टरजवळचं ग्रीस पुसून काढलं. ओतकामात उठलेली तारीख मिळाली: डी १७ ०. डी म्हणजे एप्रिल, शून्य म्हणजे १९७०. शिक्क्याप्रमाणे फेब्रुवारीत जोडून झालेल्या इंजिनाचा ब्लॉक ओतला गेला होता एप्रिलमध्ये!

मला राग आला तो शिक्का ठोकणाऱ्याचा. विकणाऱ्यांनीही ती एलएस६ समजूनच पूर्ण किमतीला घेतली होती. लिफ्टवर चढवायला त्यांनी क्षणभरही का-कू केली नव्हती.

जजच्या बाबतीत पॉन्टियाकचं मोठं सुख आहे. कारखान्याच्या बिलांच्या नोंदी जपलेल्या आहेत, पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्यांची प्रत मिळते. चेसिस नंबर २४२ ने सुरू, म्हणजे अस्सल जीटीओ. नोंदीत जजचं पॅकेज, रॅम एअर ३ आणि चार गिअर. ब्लॉकवर डब्ल्यूएस शिक्का, खाली गाडीचाच नंबर. त्या वर्षी जज बनल्या अवघ्या ३,७९७. रंग मात्र नंतर मारलेला, डिकीच्या तळाला गंज. मी स्पष्ट सांगितलं, जज घ्या. पत्रा बदलता येतो, हरवलेलं मूळ इंजिन परत आणता येत नाही.

गंजाचे पैसे वळते करून त्यांनी जज घेतली. शेव्हेलचा अहवाल त्यांच्या परवानगीने मी विकणाऱ्यांनाही दिला. त्याच आठवड्यात त्यांनी जाहिरातीतून ‘मूळ एलएस६’ हे शब्द काढून टाकले.