बादली कितीदा उचलायची?

आमच्याकडे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्चमध्ये कोणी भेटलं की चौकशी रसापासून सुरू होते. रात्री पारा शून्याखाली गेला आणि दुपारी 4-5 अंशांवर चढला की शुगर मेपलच्या झाडाच्या खोडातून गोडसर रस ठिबकायला लागतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असे दिवस अधूनमधून येतात, आणि आले की हातातलं काम टाकून धावायचं असतं. गेली 11 वर्षं मी आणि माझा नवरा असे धावतोय. पहिली काही वर्षं आम्ही फक्त तो रस आटवून सिरप करायचो. आता ट्रकवर बसवायची, रस गोळा करायची जोडणीही बनवतो, आणि आमच्या शेडचा बराचसा खर्च त्यातूनच निघतो.

मी करवीर तालुक्यातली. आमचं घरचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत उसळणारा रस, वर येणारी मळी, ती काढायची घाई, काकवीचा वास हे सगळं माझ्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे इथल्या शेजाऱ्यांच्या शुगरहाऊसमध्ये, म्हणजे रस आटवायच्या शेडमध्ये, पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा परकं वाटलंच नाही. रस 104 अंशांच्या आसपास पोचला की सिरप तयार, हे मला थर्मामीटरच्या आधी वासावरून कळायचं. मात्र एक फरक मोठा आहे. उसाच्या रसात 15-20 टक्के साखर असते, मेपलच्या रसात जेमतेम 2 टक्के. म्हणजे 1 लिटर सिरपला साधारण 40 लिटर रस. 40 लिटर म्हणजे 40 किलो, आणि ते 40 किलो आटवण्याआधी जंगलातून आणायचे.

कोणी विचारेल, नळ्या का लावत नाही? लावतात. 1950 च्या दशकात प्लास्टिकच्या नळ्या आल्या आणि आज मोठ्या बागांमध्ये झाडाझाडाला निळ्या-हिरव्या नळ्यांचं जाळं असतं, रस उतारावरून आपोआप खालच्या टाकीत येतो. पण ती टाकी बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला असते आणि तिथून पुढे ट्रकच लागतो. शिवाय आमची झाडं विखुरलेली, बरीचशी कच्च्या रस्त्याच्या दुतर्फा, कोणाच्या अंगणात 2, कोणाच्या कुंपणाला 5. दर वेळी रस्ता ओलांडून नळी नेणं आम्हाला जमणारं नव्हतं. आम्ही 300 बादल्या टांगल्या.

चांगल्या दिवशी प्रत्येक बादलीत 5 लिटर धरा. 300 बादल्यांचा दीड टन रस झाला. टांगती बादली काढून हातातल्या मोठ्या बादलीत ओतायची, ती बर्फातून ट्रकपर्यंत न्यायची, मग वर टाकीत ओतायची. म्हणजे तोच दीड टन दोनदा उचलला गेला. टाकी होती 1000 लिटरची, पिंजऱ्यातली चौकोनी. पिकअपचा हौदा जमिनीपासून 85 सेंटीमीटर, त्यावर सव्वा मीटरच्या आतबाहेर टाकी, म्हणजे टाकीचं तोंड 2 मीटरवर. मी खालून बादली वर धरायची, नवरा टेलगेटवरून, म्हणजे हौद्याच्या मागे उघडणाऱ्या फळीवरून, वाकून घ्यायचा आणि अंग पिरगळून ओतायचा. संध्याकाळी 5 पासून रात्री 10 पर्यंत.

दुसऱ्या हंगामात एका रात्री अशीच बादली घेताना त्याच्या कमरेत उसण भरली. बादली माझ्या अंगावर सांडली आणि तो टेलगेटवर तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मणक्यातली गादी सरकली होती. त्या वर्षीचा उरलेला रस आम्ही झाडांवरच सोडून दिला. आंबलेला रस बादल्यांमधून बर्फावर ओतत हिंडले ते दिवस मला अजून आठवतात.

तो अंथरुणावर असताना मी वाचायला बसले. अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. वजन उचलण्याचं तिचं 1991 चं सुधारित सूत्र आहे. त्यात सगळं अनुकूल असलं तरी मर्यादा 23 किलोंची. वजन अंगापासून लांब गेलं, अंग पिरगळलं, उचलणं वारंवार झालं की ती मर्यादा भराभर खाली येते. आणि हात जमिनीपासून 175 सेंटीमीटरच्या वर गेले तर सूत्राचं उत्तर शून्य येतं. शून्य किलो! आमच्या टाकीचं तोंड 200 सेंटीमीटरवर होतं.

त्या दिवशी मला आमच्या शिवारातला उसाचा ट्रक आठवला. तोडीला आलेली बायामाणसं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. पावसाने फळी निसरडी झालेली असायची, काखेत कधी लेकरूही असायचं. लहानपणी मला ते कामाचं कसब वाटायचं, कौतुक वाटायचं. आता वाटतं, फळी तिथे होती कारण ट्रकचा हौदा उंच होता, आणि ती उंची माणसाच्या मानेने भरून काढायची असं कोणीतरी ठरवून टाकलं होतं. उलट आमच्या गुऱ्हाळात चरकातून निघालेला रस पाइपाने हौदात जायचा, कोणी घागर उचलत नव्हतं. रसाला वाहता येतं, मग त्याला उचलायचं कशाला?

तिसऱ्या हंगामात पेट्रोलवर चालणारा 2 इंची पंप आणला. रस झपाट्याने वर जायचा, पण पाइप उचलताना जीव जायचा. 2 इंची पाइप रसाने भरला की मीटरमागे 2 किलो भरतो. 15 मीटरचा पाइप ओढायचा म्हणजे 30 किलोंचं जनावर बर्फातून फरफटत न्यायचं. कमरेचं दुखणं खांद्यात आलं. सव्वा इंची पाइप घेतला तेव्हा तेच वजन 12 किलोंवर आलं. रस हळू चढतो, पण आपणही झाडाझाडावरून हळूच येत असतो.

आजची आमची जोडणी याच्यापुढची. ट्रकच्या मागे, हिचला (ट्रेलर जोडायच्या आकड्याला) अडकवलेला, गुडघ्याइतक्या उंचीचा स्टीलचा टब. बादली फक्त त्यात ओतायची. टबाच्या तळाला जाळी, कारण रसात झाडाची साल आणि पतंग हमखास पडतात. तिथून ट्रकच्या बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप मिनिटाला 20 लिटरच्या आसपास वर चढवतो आणि टब कोरडा पडला तरी बिघडत नाही. पाइपाला पिळायच्या जोडण्या ठेवल्या नाहीत; दोन कान असलेली खटक्याची जोडणी आहे, जाड हातमोजे घालूनही बसते. रात्री पाइप आणि झडप पूर्ण रिकामी करायची, नाहीतर झडपेच्या पोटात राहिलेला घोटभर रस गोठून ती तडकते. पहिल्या वर्षात आम्ही 3 झडपा अशा घालवल्या.

टाकीही बदलली. आमच्या पिकअपच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे ती 700 किलोंच्या आसपास पेलते. 1000 लिटरची टाकी काठोकाठ भरणं म्हणजे गाडीवर अन्याय, आणि अर्धी भरली तर वळणावर रस असा डचमळतो की स्टिअरिंगवरचे हात आणि पाठ रात्रभर ताठलेले राहतात. आता 300 लिटरच्या दोन बुटक्या टाक्या असतात, आत आडवे पडदे घातलेल्या. एक भरल्यावरच दुसरी भरायची.

आणि चिखल. इथे हिवाळा आणि वसंताच्या मध्ये एक वेगळा ऋतूच मानतात, चिखलाचा. बर्फ वितळतं, कच्चे रस्ते लापशीसारखे होतात, गावं जड वाहनांवर बंधन घालतात. चाकोरीतून हिसके खात गाडी चालवली की कंबर आधीच आखडते, आणि उतरल्या उतरल्या पहिली बादली उचलली तर हमखास चमक येते. म्हणून आमचा नियम आहे. उडी मारायची नाही, गाडीकडे तोंड करून उतरायचं, दोन मिनिटं चालायचं, मग हात लावायचा. शक्य असेल तेव्हा खेप पहाटे करायची, रस्ता गोठून टणक असताना.

हे सगळं आम्ही स्वतःसाठी केलं होतं. चौथ्या हंगामात पलीकडच्या टेकडीवरचे एक वृद्ध शेतकरी टब बघायला आले. आयुष्यभर गाई सांभाळलेले, दोन्ही खांद्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. त्यांनी टबाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, मला असाच एक करून दे. नवऱ्याला वेल्डिंग येत होतंच. त्यांच्यामागून त्यांची बहीण आली, मग तिचे शेजारी. आता शरद ऋतूत ऑर्डर घेतो आणि हिवाळाभर बनवतो. प्रत्येकाला आधी एक प्रश्न विचारते: तुमच्यात सगळ्यात बुटकं माणूस किती उंचीचं? टबाची उंची त्यावर ठरते. घरधनी 6 फुटी असला तरी बादल्या बहुतेक वेळा बायको आणि शाळेतली मुलं ओततात.

जमलेलं नाही ते झाडापासून ट्रकपर्यंतचं चालणं. गुडघाभर बर्फात एका हातात बादली म्हणजे कंबर एका बाजूला ओढली जाते. त्याच शेतकऱ्यांनी मला त्यांच्या आजोबांचं लाकडी जू दाखवलं, खांद्यावर बसणारं, दोन्ही टोकांना एकेक बादली. मी बघतच राहिले. चैत्रात शिखर शिंगणापूरला निघणाऱ्या कावडी लहानपणी पाहिल्या होत्या. भार खांद्यावर घ्यायचा तोच विचार इथे, इतक्या लांब. ते जू जड आहे आणि मानेपाशी काचतं. या हिवाळ्यात आम्ही ॲश लाकडाचं, त्याहून हलकं, मानेला खोलगट केलेलं एक कोरलंय, अर्ध्या भरलेल्या दोन बादल्यांसाठी. मार्चमध्ये रस्त्याकडेच्या 60 झाडांवर ते वापरून बघायचंय. जू आधी मीच घेणार आहे.