पऱ्हाटी आणि कॅलॅनस

परभणी जिल्ह्यातल्या मानवतजवळच्या आमच्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. मी ज्या समुद्राचा अभ्यास करते, तो तर उत्तर ध्रुवाच्या अलीकडे सुमारे बाराशे किलोमीटरवर, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या पश्चिम किनाऱ्याला आहे. त्यामुळे गावी कामाचा विषय निघाला, की “समुद्रातले किडे मोजते” एवढ्यावर मी तो आटोपते. यंदा दिवाळीनंतर मात्र काकांनी मला तसे सुटू दिले नाही. कापसाची दुसरी वेचणी चालली होती आणि आम्ही बांधावर बसलो होतो. “तिथं चार-चार महिने सूर्य उगवत नाही म्हणतीस, मग ते जगायलेत कसे?” असे त्यांनी विचारले. बांधावर दिलेले उत्तर अर्धवट राहिले, म्हणून उरलेले येथे लिहिते.

थंड समुद्र म्हणजे ओसाड समुद्र, ही आपल्याकडची समजूत उलटी आहे. उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रात वरचे तापलेले हलके पाणी खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखे बसते आणि नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका ही खते तळाकडेच अडकून राहतात. त्या समुद्राचा मोहक निळा रंग खरे तर उपासमारीचा रंग आहे. ध्रुवाकडे हिवाळ्यातली वादळे आणि वरून निवत जाणारे पाणी मिळून समुद्र खोलवर नांगरून काढतात. खत वर येते, उणीव राहते ती फक्त उजेडाची. एप्रिल-मे महिन्यांत उजेड परतला, की डायटम या सिलिकाच्या कवचाच्या सूक्ष्म शेवाळासारखे वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक वनस्पती, काही आठवड्यांतच एवढे वाढतात की पाणी हिरवट-तपकिरी दिसू लागते. वर्षाची बेगमी ज्याला करायची आहे, त्याने ती एवढ्याच दिवसांत करायची असते.

ती सर्वांत नेमकेपणाने करणारा प्राणी म्हणजे कॅलॅनस. हा कोपेपॉड गटातला, झिंग्याच्या दूरच्या नात्यातला जीव आहे आणि जाती पाहून त्याची लांबी दोन-तीन मिलिमीटरपासून सात मिलिमीटरपर्यंत भरते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला आडवा ठेवला, की पारदर्शक अंगातून तेलाची पिशवी स्पष्ट दिसते. काचेच्या बारीक नळीत गोडेतेल भरून दोन्ही तोंडे बंद करावीत, तशी ती अंगाच्या लांबीभर पसरलेली असते. उन्हाळा संपताना या मेणासारख्या तेलाचे वजन त्याच्या सुक्या वजनाच्या निम्म्याहून अधिक झालेले असते. मग प्रौढ होण्याआधीच्या पाचव्या अवस्थेतच बहुतेक कॅलॅनस खाली उतरतात, खुल्या समुद्रात पाचशेपासून दोन हजार मीटरपर्यंत, आणि तेथे आतडे रिकामे ठेवून, श्वसन मंद करून महिनोन्महिने पडून राहतात. या काळात ते काय खातात, तर काहीच नाही.

“म्हणजे आपल्या बोंडअळीसारखं,” काका म्हणाले, आणि मला थोडी लाज वाटली, कारण सुप्तावस्था हा शब्द मी त्यांना समजावून सांगण्याच्या तयारीत होते. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, राहिलेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत झोपून राहते, हे कापूस लावणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. फरदड (हंगाम संपल्यावरही उभे ठेवलेले कापसाचे पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो ते त्यासाठीच. फरक जागे होण्यात आहे. बोंडअळीला जागे व्हायला बाहेरची ऊब आणि ओल कळते. हजार मीटर खाली मात्र उजेड नसतो आणि तापमानही बारा महिने जवळजवळ सारखेच असते, म्हणजे वर वसंत आल्याची वर्दी देणारे तेथे कोणी नाही. तेलाचा साठा ठरावीक पातळीखाली गेला की जाग येते, असे काही अभ्यासक मानतात. काहींचा भर शरीरातल्या अंतर्गत घड्याळावर आहे. मला पहिले मत अधिक पटते, पण तेवढ्याने भागत नाही असेही वाटते.

वेळ चुकली तर काय होते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. मृगाच्या पहिल्या पावसावर पेरावे आणि मग पावसाने ओढ द्यावी, तसेच ते आहे. कॅलॅनस ग्लेशियालिस ही आर्क्टिकची जात समुद्रबर्फाच्या खालच्या बाजूला वाढणाऱ्या शेवाळावर पोसून अंडी घालते. पिल्ले स्वतः खाऊ लागेपर्यंत बर्फ फुटून खुल्या पाण्यातला बहर आलेला असतो. स्वालबार्डच्या उत्तरेकडील रायपफ्योर्डन या फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीत, २००७ साली या दोन बहरांमध्ये सुमारे दोन महिन्यांचे अंतर आढळले होते. बर्फ लवकर फुटला, तर हे अंतर आक्रसते आणि पिल्ले जेवायला पोहोचेपर्यंत पंगत उठलेली असते.

काकांचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता: याचा उपयोग काय? पैशांत सांगता येण्याजोगा नाही. परंतु हे जीव वरच्या पाण्यातला कार्बन तेलाच्या रूपाने खोल नेतात आणि तेथे श्वसनातून सोडतात, तो लवकर वर येत नाही. उलट बाजूही आहे. २००९ साली भारत आणि जर्मनी यांनी मिळून दक्षिण महासागरात सुमारे तीनशे चौरस किलोमीटर पाण्यावर प्लवकांना खत म्हणून लोह पसरून पाहिले. लोहाफेक्स हे त्या प्रयोगाचे नाव. प्लवक वाढले खरे, पण तेथे सिलिका कमी असल्याने डायटम वाढू शकले नाहीत, जे वाढले ते कोपेपॉड आदी प्राण्यांनी चरून टाकले आणि तळाकडे फारच थोडा कार्बन गेला. समुद्राला खत घालून हवामान सुधारू पाहणाऱ्यांनी चरणाऱ्यांचा हिशेब आधी मांडायला हवा होता, असे माझे मत आहे.

आमचे काम मुख्यतः कोंग्सफ्योर्डनमधल्या नमुन्यांवर चालते. भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून त्याच फ्योर्डच्या काठी आहे आणि २०१४ मध्ये इंडआर्क हे नोंदी घेणारे उपकरण तेथे १९२ मीटर खोलीवर नांगरले गेले. या फ्योर्डमध्ये अटलांटिकचे कोमट पाणी शिरते, त्यामुळे लठ्ठ ग्लेशियालिसबरोबर फिनमार्किकस ही कॅलॅनसचीच बारीक, कमी तेलाची जातही असते. लिटल ऑक नावाचा छोटा समुद्रपक्षी पिल्लांसाठी तेलकट ग्लेशियालिस वेचून नेतो. बारीक जात वाढली, की त्याच्या खेपा वाढतात. म्हणून दोन्ही जाती वेगळ्या मोजणे महत्त्वाचे, आणि माझी चूक नेमकी येथेच झाली.

शिकताना मला सांगितले होते, की पाचव्या अवस्थेत धडाची लांबी सुमारे तीन मिलिमीटरच्या आत असेल तर फिनमार्किकस, वर असेल तर ग्लेशियालिस. दोन वर्षे मी तशीच पट्टी लावून हजारो जीव दोन रकान्यांत भरले. जनुकीय तपासण्यांतून पुढे दिसले, की दोन्ही जातींच्या लांबीत मोठी सरमिसळ आहे आणि बारीक ग्लेशियालिस सर्रास फिनमार्किकस म्हणून मोजले गेले आहेत. स्पृशांचा, म्हणजे डोक्यावरच्या लांब मिशांचा, लाल रंग ही खूण सुद्धा दर ठिकाणी खरी ठरत नाही. ते जुने नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवलेले आहेत, आणि फॉर्मलिन डीएनए खराब करते, त्यामुळे ते रकाने आता तपासून दुरुस्त करणे अवघड आहे.

आता जाळे वर आले, की प्रत्येक नमुन्याचे दोन भाग होतात. एक भाग मोजणीसाठी फॉर्मलिनमध्ये जातो, दुसरा डीएनएसाठी मद्यार्कात. मोजताना धड तीन मिलिमीटरच्या आसपास भरले, की वहीत मी जातीचे नाव लिहीत नाही, नुसती लांबी लिहिते. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एक किडके बोंड फोडून दाखवले. आत अळी नव्हती, तिने पाडलेले गोल भोक तेवढे होते.