औषध कधी निघणार?

कॅन्सरच्या पेशींमधल्या मायक्रो-आरएनएवर काम करते एवढं सांगितलं, की लग्नाची पंगत असो नाहीतर सोसायटीची लिफ्ट, पुढचा प्रश्न ठरलेला: "मग औषध कधी निघणार?" परवा शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा लिफ्ट आमच्या मजल्याला लागली म्हणून सुटले. पण तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते. आरएनए म्हणजे जनुकातल्या मजकुराची अक्षराअक्षरानं केलेली नक्कल; मायक्रो-आरएनए हे त्यातले अगदी इवले तुकडे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तीन आठवडे वाया घालवले. पेशी फोडायच्या, नेहमीच्या किटच्या कॉलममधून (आरएनए धरून ठेवणारी छोटी गाळणीच ती) आरएनए गाळायचा, धुवायचा, बर्फात रोवलेल्या ट्यूबमध्ये उतरवायचा. मोजला तर भरपूर, पण मी ज्याच्या मागे होते तो मायक्रो-आरएनए जवळपास गायब. हातमोजे बदलले, पिपेट पुसले, पाणी नवं घेतलं. (आरएनए खाणारी एन्झाइम्स आपल्या कातडीवरच असतात, त्यामुळे पहिला संशय आपल्याच बोटांवर.) शेवटी एका सीनियरनं किटसोबतचा कागद पुढे सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं: २०० अक्षरांपेक्षा लहान आरएनए या कॉलमवर टिकत नाही. मायक्रो-आरएनए असतो साधारण २२ अक्षरांचा. मला हवं होतं ते मी रोज इमानेइतबारे वेस्टच्या बाटलीत ओतत होते.

सीनियर म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस, अख्ख्या जीवशास्त्रानं हेच केलंय." खरं होतं ते. १९९३ साली व्हिक्टर अँब्रॉस यांच्या प्रयोगशाळेला मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत असा पहिला तुकडा सापडला, लिन-४. तो दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशावर (म्हणजे प्रथिन कसं बनवायचं ते सांगणाऱ्या आरएनएवर) जाऊन बसतो आणि त्यातून बनणारं प्रथिन कमी करतो, हे त्यांच्या आणि गॅरी रव्कुन यांच्या कामातून पुढे आलं. बहुतेकांनी ही त्या किड्याची लहर म्हणून सोडून दिली. २००० साली रव्कुन यांच्याकडे लेट-७ सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत सगळीकडे निघाला, तेव्हा कुठे लोक खुर्चीत सावरून बसले. दोघांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

कॅन्सरशी नातं जुळलं तेही अशाच एका दुर्लक्षित जागी. सीएलएल नावाचा रक्ताचा कॅन्सर आहे, आपल्याकडे कमी, पाश्चात्त्य देशांत बराच. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो. एवढ्या जणांत तोच तुकडा जातो म्हटल्यावर तिथे कॅन्सर रोखणारं जनुक असणार, हे उघड होतं. वर्षानुवर्षं शोधलं, प्रथिन बनवणारं तसं काही हाती लागेना. २००२ मध्ये कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या चमूनं दाखवलं, की तिथे दोन मायक्रो-आरएनए आहेत, १५ आणि १६ क्रमांकाचे. पुढे कळलं की हे दोघे बीसीएल-२ या प्रथिनाला आवर घालतात. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. आवर घालणारे गेले, की मरायला हवी ती पेशी खुशाल जगत राहते.

काकूंना हे ऐकून लगेच सुचेल: मग गळालेलं परत घाला की! आम्हालाही तेच सुचलं होतं. अडचण अशी, की मायक्रो-आरएनए गॅस बंद करत नाही, बारीक करतो. आणि एका शेगडीचा नव्हे, एकटा शेकडो जनुकांचे गॅस थोडेथोडे बारीक करतो. बाहेरून घातला तर आणखी कुठली शेगडी विझेल याची खात्री कोण देणार? शिवाय उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, कशात तरी गुंडाळून पाठवावा लागतो. मायक्रो-आरएनए-३४ ची नक्कल चरबीच्या कणांत भरून कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिली गेली. काही रुग्णांच्या प्रतिकारशक्तीची भयंकर प्रतिक्रिया उसळली, मृत्यूही झाले, आणि २०१६ मध्ये ती चाचणी थांबवली. आमच्यापैकी अनेकांचा आशेचा घोडा तोच होता. त्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये चहाच्या वेळेला कुणी फारसं बोललं नाही.

गंमत म्हणा की दैव म्हणा, त्याच वर्षी अमेरिकेत सीएलएलच्या काही रुग्णांसाठी एका गोळीला मंजुरी मिळाली, व्हेनेटोक्लॅक्स. ती काय करते? बीसीएल-२ ला अडवते! १५ आणि १६ जे करायचे, जवळपास तेच. पण ती काही मायक्रो-आरएनएमधून निघालेली नाही. बीसीएल-२ लोकांना १९८० च्या दशकापासून ठाऊक होतं आणि त्याच्या मागे लागलेल्या रसायनतज्ज्ञांनी ती घडवली.

काल लिफ्टपाशी काकू पुन्हा भेटल्या. या वेळी जिन्यानं चढून सगळं सांगितलं, त्यांच्या दारापर्यंत.

"म्हणजे औषध निघालं ना?"

"निघालं काकू, एका कॅन्सरवर. पण आमचं नाही."

"चालतंय की," म्हणाल्या, आणि कुलपात किल्ली फिरवली.